चित्रमालिकेतील छायाचित्रे सुस्पष्ट कशी राखावीत?

घाटघरच्या भातखाचरांच्या उदाहरणावरून एक पाठ

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या माथ्यावर, नाणेघाट आणि जीवधन किल्ला यांच्या सान्निध्यात घाटघर हे गाव वसले आहे. मुसळधार पाऊस, दाट धुके आणि डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे हे येथील पावसाळ्याचे नित्याचे दृश्य होय. खाचरांतून भात आणि वरकस जमिनीत नाचणी व वरई ही येथील मुख्य पिके. जूनमध्ये रोपे टाकावयाची, जुलैमध्ये लावणी करावयाची आणि दिवाळीच्या आगेमागे कापणीस हात घालावयाचा, असा हंगामाचा क्रम आहे. साहजिकच पिकावर एखादा रोग दिसू लागला, तर तो ओळखण्याची वेळ नेमकी भर पावसाची असते. त्या दिवसांत जाणकार मनुष्य प्रत्येक खाचराच्या बांधावर येऊन उभा राहील, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही.

या अडचणीवर एक सोपा उपाय आज बहुतेकांच्या हाती आहे. मोबाइलने पिकाची छायाचित्रे घ्यावीत, ती हंगामाच्या क्रमाने लावावीत, त्यांवर माहिती सांगणारा आवाज चढवावा आणि त्यांचा एक व्हिडिओ करून पुढील वर्षी पेरणीपूर्वी, मे महिन्यात, गावच्या बैठकीत दाखवावा. गटाने काम करणारे शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ते यांना असा व्हिडिओ फार उपयोगी पडतो. आपल्याच शिवारातील रोग आपल्याच पिकावर दिसला म्हणजे तो मनावर ठसतो. परंतु अनुभव असा येतो की, मोबाइलवर रेखीव दिसणारे छायाचित्र व्हिडिओमध्ये गेल्यावर अंधुक होते, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तर पानावरील ठिपका आहे की डाग आहे, हेही कळत नाही. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

सुस्पष्टता कशासाठी?

छायाचित्र देखणे दिसावे एवढ्यासाठी हा खटाटोप नाही. भाताच्या पानावरील तीन रोगांचे उदाहरण घेऊ.

करपा या बुरशीजन्य रोगात पानावर चातीच्या आकाराचे, म्हणजे मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळते ठिपके पडतात. ठिपक्याचा मध्यभाग राखाडी असून कडा तपकिरी असते. तपकिरी ठिपके या नावाने ओळखला जाणारा दुसरा रोगही बुरशीजन्यच आहे. परंतु त्यातील ठिपके लहान, गोल किंवा लंबगोल, साधारणपणे तिळाच्या आकाराचे असतात, आणि त्यांच्याभोवती पुष्कळदा पिवळसर वलय दिसते. तिसरा रोग कडा करपा. यात पानाच्या टोकाकडून कडेकडेने खाली उतरणारा पिवळा व पुढे वाळक्या गवताच्या रंगाचा पट्टा दिसतो. त्याची आतील कड नागमोडी असते. हा रोग जिवाणूंमुळे होतो.

तिन्ही रोगांत दुरून पाहणाऱ्यास पान “करपल्यासारखे” दिसते. उपाय मात्र निरनिराळे आहेत. नत्र जास्त झाल्यास करपा बळावतो; म्हणून त्या वेळी नत्राचा हप्ता रोखून धरावा लागतो. तपकिरी ठिपके पुष्कळदा हलक्या, उपाशी जमिनीत, विशेषतः पालाशाची उणीव असेल तेथे, अधिक दिसतात. तेव्हा तेथे जमिनीच्या पोषणाकडे लक्ष द्यावे लागते. कडा करप्यावर बुरशीनाशकाची फवारणी केली, तर पैसा व श्रम दोन्ही वाया जातात, कारण तो बुरशीचा रोगच नव्हे. म्हणजे ठिपक्याची टोके निमुळती आहेत की गोल, मध्यभाग राखाडी आहे की तपकिरी, एवढ्या बारीक फरकावर शेतकऱ्याचा निर्णय अवलंबून असतो. हा फरक व्हिडिओमध्ये पुसला गेला, तर तो व्हिडिओ निरुपयोगी ठरतो. इतकेच नव्हे, तर एका रोगाचा उपाय दुसऱ्या रोगावर करावयास लावून तो अपायही करू शकतो.

जुनी कला, नवी अडचण

चित्रे ओळीने दाखवून कथन करण्याची कला आपल्याकडे नवी नाही. घाटघरजवळच्या नाणेघाटातून प्राचीन काळी कोकणातील कल्याण व सोपारा या बंदरांचा माल जुन्नर व पैठणकडे जात असे. त्याच कल्याणात १८९० नंतरच्या दशकात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी “शांबरिक खरोलिका” या नावाने दिव्याच्या प्रकाशाने चित्रे दाखविण्याचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवावयाची आणि ती झरझर बदलून हालचालीचा भास निर्माण करावयाचा, अशी त्यांची पद्धत होती.

शेतीच्या दृष्टीने याहूनही मनोरंजक उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. १९१३ साली “राजा हरिश्चंद्र” हा चित्रपट पडद्यावर आणण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. कुंडीत वाटाणा लावून तिच्यासमोर त्यांनी कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने तिची चित्रे घेतली. ती ओळीने दाखविताच अंकुर फुटून वेल होईपर्यंतची वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर उभी राहिली. “अंकुराची वाढ” या नावाने ओळखली जाणारी ही लहानशी फीत पाहूनच त्यांना पुढील कामासाठी भांडवल मिळण्याचा मार्ग खुला झाला. स्थिर चित्रांची मालिका पिकाची गोष्ट किती प्रभावीपणे सांगू शकते, याचे हे बोलके प्रमाण होय.

पटवर्धनांच्या काचेवर जे रंगविले होते, त्याच काचेतून प्रकाश जाऊन ते पडद्यावर पडत असे. मूळ चित्र आणि पडदा यांच्यामध्ये फारसे काही नव्हते. आजच्या छायाचित्राचा प्रवास मात्र लांबचा आहे. मोबाइल, संदेश पाठविण्याची सोय, संगणक, व्हिडिओ बनविण्याचे साधन, तयार फाइल आणि शेवटी प्रोजेक्टर, असे टप्पे ओलांडून ते प्रेक्षकापर्यंत पोहोचते. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर त्यातील थोडाथोडा तपशील गळण्याचा संभव असतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गळालेला तपशील पुढील कोणत्याही टप्प्यावर परत आणता येत नाही. भात कांडून त्याचे तांदूळ करता येतात. पण तांदळाचे पुन्हा भात करता येत नाही. छायाचित्राचेही तसेच आहे. या पाठातील पुढील सर्व सूचना या एका तत्त्वातूनच निघाल्या आहेत.

चित्रबिंदूंचा हिशेब

डिजिटल छायाचित्र हे अतिसूक्ष्म रंगीत चौकोनांचे बनलेले असते. त्यांस चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र साधारणपणे ४००० बिंदू रुंद व ३००० बिंदू उंच, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख बिंदूंचे असते. याउलट आज सर्वत्र रूढ असलेल्या “फुल एच. डी.” व्हिडिओची चौकट १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदूंची असते. याचा अर्थ असा की, मूळ छायाचित्रात व्हिडिओला लागणाऱ्या बिंदूंच्या पावणेसहा पट बिंदू असतात. भांडवल भरपूर आहे. ते वाटेत उधळले जाऊ नये, एवढीच दक्षता घ्यावयाची आहे.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, करप्याचा एक ठिपका १० मिलिमीटर लांब व ३ मिलिमीटर रुंद आहे, आणि छायाचित्र असे घेतले आहे की चौकटीत पिकाची ४० सेंटिमीटर रुंदी मावते. मूळ छायाचित्रात दर मिलिमीटरला १० बिंदू येतील. म्हणजे हा ठिपका १०० बिंदू लांब व ३० बिंदू रुंद असेल. हे चित्र संदेशातून पाठविताना लहान होऊन त्याची रुंदी १६०० बिंदू उरली, तर ठिपका ४० बिंदू लांब व १२ बिंदू रुंद होईल. पुढे व्हिडिओची चौकट जुन्या डी. व्ही. डी.च्या मापाची, म्हणजे ७२० बिंदू रुंदीची निवडली गेली, तर तोच ठिपका अवघा १८ बिंदू लांब आणि ५ बिंदू रुंद राहील. त्यातील मिलिमीटरभर रुंदीच्या राखाडी मध्यभागाच्या वाट्यास जेमतेम दोन बिंदू येतील. एवढ्यात टोके निमुळती आहेत की गोल, हे कोणासही सांगता येणार नाही.

आता त्याच पानाजवळ जाऊन, चौकटीत १६ सेंटिमीटर रुंदी मावेल अशा रीतीने छायाचित्र घेतले, मूळ प्रत तशीच संगणकावर नेली आणि व्हिडिओची चौकट १९२० बिंदूंची ठेवली, तर तोच ठिपका १२० बिंदू लांब व ३६ बिंदू रुंद दिसेल. त्याची कड, मध्यभाग आणि टोके सारे काही शेवटच्या रांगेतील मनुष्यासही दिसेल. दोन्ही वेळी मोबाइल तोच, पान तेच. फरक पडतो तो केवळ पद्धतीमुळे.

शेतात छायाचित्र घेताना

१. भिंग पुसावे. पावसात व धुक्यात भिंगावर बाष्प धरते, आणि खिशातील मोबाइलच्या भिंगास बोटांचे ठसे व मळ लागतो. स्वच्छ, मऊ सुती कापड कोरडे राहील अशा बेताने जवळ बाळगावे व प्रत्येक वेळी भिंग पुसून मगच छायाचित्र घ्यावे.

२. पडद्यावर दोन बोटे ताणून चित्र मोठे करू नये. बहुतेक मोबाइलांत असे करण्याने भिंग पुढे जात नाही. मधला भाग कापून तो फुगविला जातो. त्याऐवजी स्वतः जवळ जावे. मात्र अगदी चिकटूनही जाऊ नये. पानापासून १२ ते १५ सेंटिमीटरवर बहुतेक मोबाइल स्पष्ट चित्र देतात. पुष्कळ स्वस्त मोबाइलांत जवळच्या चित्रासाठी दिलेले वेगळे भिंग केवळ २० लाख बिंदूंचे असते. तेव्हा मुख्य भिंगच वापरणे श्रेयस्कर.

३. जेथे ठिपका असेल तेथेच पडद्यावर बोट टेकवावे. त्यामुळे भिंगाची नजर त्या जागी ठरते. अन्यथा मागील खाचराचे पाणी स्पष्ट आणि पुढील पान अस्पष्ट, असा प्रकार होतो.

४. पान स्थिर करावे. ढगाळ हवेत प्रकाश कमी असतो. म्हणून कॅमेरा अधिक वेळ उघडा राहतो, आणि तेवढ्यात वाऱ्याने पान हलले की चित्र फरफटते. सोबत्याने पानाचे टोक दोन बोटांत धरावे किंवा पानामागे पांढरा पुठ्ठा धरावा. पुठ्ठ्यामुळे वारा अडतो, पान उठून दिसते आणि रंगही खरे येतात. स्वतःची कोपरे अंगास टेकवावीत आणि एका पानाची तीन-चार छायाचित्रे घ्यावीत; त्यांतील एक तरी रेखीव निघते.

५. ओल्या पानावर मोबाइलचा झोत टाकू नये. पाण्याचा थेंब चमकतो व ठिपका झाकला जातो. पान हलकेच टिपून घ्यावे व बाजूने येणाऱ्या दिवसाच्या प्रकाशात चित्र घ्यावे. तिरप्या प्रकाशाचे महत्त्व घाटघरच्या मंडळींस वेगळे सांगावयास नको. नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांच्या काळातील जो प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे, त्याची झिजलेली अक्षरेही समोरच्या प्रकाशापेक्षा बाजूच्या प्रकाशातच अधिक उठून दिसतात.

६. मापासाठी पानाजवळ मोजपट्टी किंवा एखादे नाणे ठेवावे. ठिपका तिळाएवढा आहे की त्याहून मोठा, हे त्यावरून पाहणाऱ्यास कळते.

७. वाढीची मालिका करावयाची असल्यास बांधावर एक खुंटी रोवून ठेवावी व दर आठवड्यास तिच्यावरूनच, एकाच उंचीवरून व एकाच दिशेने छायाचित्र घ्यावे. फाळक्यांच्या कुंडीसमोर जसा कॅमेरा होता, तशी ही आपली खुंटी. कॅमेऱ्याची जागा बदलत गेली की चित्रे एकापुढे एक लावल्यावर पीक उड्या मारताना दिसते, वाढताना दिसत नाही.

मूळ प्रत म्हणजे बियाणे

चांगला शेतकरी बियाण्याची कणगी वेगळी ठेवतो. अडचण आली तरी त्यातील दाणे कांडावयास काढीत नाही. मोबाइलमधून निघालेली मूळ फाइल हे आपले बियाणे होय. ती एका स्वतंत्र फोल्डरमध्ये, पिकाचे नाव, खाचराचे नाव व दिनांक घालून ठेवावी, आणि तिची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवावी. काटछाट, उजळणे, लहान करणे ही सर्व कामे नकलेवर करावीत. मुळास हात लावू नये. या हंगामातील रोगट पानाचे छायाचित्र हरवले, तर ते पुन्हा घेण्यासाठी निदान एक वर्ष थांबावे लागते. आणि तोच रोग त्याच अवस्थेत पुन्हा दिसेलच असेही नाही.

पाठविताना सर्वांत अधिक नुकसान होते. व्हॉट्सॲपसारख्या साधनांतून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले, तर ते लवकर पोहोचावे म्हणून वाटेत लहान केले जाते. बोलण्या-सांगण्याच्या कामास ते पुरेसे असते. व्हिडिओसाठी मात्र नाही. तेच छायाचित्र “डॉक्युमेंट” म्हणून पाठविले, तर फाइल जशीच्या तशी पोहोचते. शक्य असेल तेथे तारेने किंवा मेमरी कार्डाने ते थेट संगणकावर उतरवावे. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचेच पुन्हा चित्र काढून, म्हणजे स्क्रीनशॉट घेऊन, ते वापरणे टाळावे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. मोबाइलची छायाचित्रे बहुधा जेपेग या प्रकारात असतात. या प्रकारात चित्राचे ८ बिंदू लांब व ८ बिंदू रुंद असे लहान लहान चौकोन पाडून, डोळ्यास कमी जाणवणारा तपशील वगळला जातो. प्रत्येक वेळी फाइल उघडून, बदल करून, पुन्हा जतन केली की ही वगळणी पुन्हा होते. तांदूळ जितक्या वेळा सडावेत तितकी कणी व कोंडा अधिक निघतो, तसाच हा प्रकार. म्हणून सर्व दुरुस्त्या एकाच बैठकीत कराव्यात व शेवटी एकदाच, ९० ते ९५ इतक्या उच्च दर्जावर जतन करावे. मधल्या टप्प्यांवर फाइल ठेवावी लागलीच, तर पी. एन. जी. हा प्रकार वापरावा. त्यात काहीही वगळले जात नाही.

चौकटीत बसविणे

मोबाइलच्या छायाचित्राचे प्रमाण बहुधा चारास तीन असते, तर व्हिडिओच्या चौकटीचे सोळास नऊ. एक दुसऱ्यात नेमके बसत नाही. अशा वेळी चित्र ताणून बसविल्यास पान रुंद दिसते व ठिपक्याचा आकार बदलतो. रोग आकारावरूनच ओळखावयाचा असल्याने चित्र ताणणे हा मोठा दोष समजावा.

योग्य मार्ग दोन आहेत. पहिला, वरचा व खालचा अनावश्यक भाग कापून टाकणे. ४००० बाय ३००० बिंदूंच्या चित्रातून ४००० बाय २२५० बिंदूंचा भाग ठेवला की प्रमाण नेमके जुळते. दुसरा, काहीही न कापता चित्राच्या दोन्ही बाजूंस काळी किंवा गडद पट्टी राहू देणे. उभे छायाचित्र पूर्ण दाखविले, तर त्याच्या वाट्यास चौकटीतील केवळ ८१० बाय १०८० बिंदू येतात. म्हणून व्हिडिओसाठी छायाचित्रे घेताना मोबाइल आडवा धरण्याची सवय लावावी.

काटछाटीनंतर चित्र १९२० बाय १०८० या मापास एकदाच लहान करावे. लहान करताना कडा किंचित मऊ पडतात, म्हणून त्यानंतर, आधी नव्हे, कडा रेखीव करण्याची सोय अगदी बेताने वापरावी. ती अधिक वापरली की पानाच्या कडेस पांढरी रेघ उमटते. आणि तपकिरी ठिपक्यांच्या रोगात तर खरे वलय कोणते व संगणकाने काढलेले कोणते, हे कळेनासे होते. त्याचप्रमाणे यंत्रबुद्धीच्या साहाय्याने अस्पष्ट चित्र “स्पष्ट” करणारी साधने रोगाच्या चित्रासाठी वापरू नयेत. ती गळालेला तपशील परत आणीत नाहीत. अंदाजाने नवा तपशील रंगवितात, आणि रोगाच्या परीक्षेत असा अंदाज पुरावा होऊ शकत नाही.

व्हिडिओ जुळविताना

व्हिडिओ बनविण्याच्या साधनात काम सुरू करण्यापूर्वीच चौकटीचे माप १९२० बाय १०८० व गती दर सेकंदास २५ किंवा ३० चित्रे अशी निवडावी. पुष्कळ वेळा साधनाने लहान माप आपोआप धरलेले असते आणि ते शेवटपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. “इंटरलेस्ड” व “प्रोग्रेसिव्ह” असा पर्याय विचारल्यास प्रोग्रेसिव्ह निवडावा.

स्थिर चित्रावर सावकाश पुढे सरकण्याचा, म्हणजे चित्र हळूहळू मोठे होत जाण्याचा परिणाम अनेकांस आवडतो. त्याचा उपयोग जपून करावा. काही साधने आधी चित्र चौकटीएवढे लहान करतात व मग तेच फुगवितात. त्यामुळे चित्र जसजसे जवळ येते तसतसे अंधुक होत जाते. अशा साधनात संपूर्ण पानाचे एक चित्र आणि मूळ फाइलमधून कापलेले ठिपक्याचे दुसरे चित्र, अशी दोन स्वतंत्र चित्रे एकापाठोपाठ लावावीत. साधन मूळ मापाचे चित्र स्वीकारीत असेल, तर ४००० बिंदूंचे चित्र १९२० बिंदूंच्या चौकटीत सुमारे दुपटीपर्यंत मोठे करता येते; त्यापुढे नाही. संदेशातून आलेले १६०० बिंदूंचे चित्र तर हालचालीशिवायही चौकटीस अपुरे पडते.

भाताच्या उभ्या पात्यांसारखी बारीक रेघांची चित्रे सरकविली की ती लुकलुकतात. ती स्थिरच ठेवावीत. प्रत्येक चित्र ५ ते ८ सेकंद दाखवावे. रोगाचे चित्र त्याहून अधिक वेळ ठेवण्यास हरकत नाही. एका चित्रातून दुसरे उमलत येण्याचा परिणाम दिलाच, तर तो थोडक्यात उरकावा, कारण त्या वेळात दोन्हींपैकी एकही चित्र धड दिसत नाही.

अक्षरांविषयीही एक गोष्ट सांगावयास हवी. रूढ व्हिडिओ प्रकारांत उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण ठेवतात, पण रंगाचा तपशील चार बिंदूंमागे एक असाच साठवितात. त्यामुळे हिरव्यावर तांबडी किंवा निळ्यावर तांबडी अक्षरे फिसकटतात. गडद पट्टीवर पांढरी, ठसठशीत अक्षरे घ्यावीत. त्यांची उंची चौकटीच्या उंचीच्या विसाव्या हिश्शाहून कमी नसावी. काही दूरदर्शन संच चित्राच्या कडा थोड्या कापतात, म्हणून अक्षरे कडेपासून आत ठेवावीत.

तयार फाइल काढताना

व्हिडिओची फाइल लहान करण्यासाठी एक युक्ती वापरलेली असते. अधूनमधून एक पूर्ण चित्र साठवावयाचे आणि मधल्या चित्रांत केवळ काय बदलले तेवढेच नोंदवावयाचे. स्थिर चित्रात काहीच बदलत नाही, म्हणून ते थोड्या जागेत स्वच्छ राहते. चित्र सरकू लागले की सर्वच बदलते आणि जागा अपुरी पडून चौकोन-चौकोन दिसू लागतात. स्थिर चित्रे पसंत करण्याचे हे आणखी एक कारण होय.

फाइल एम. पी. ४ प्रकारात, एच. २६४ पद्धतीने व सेकंदास ८ मेगाबिट किंवा अधिक या दराने काढावी. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. तेव्हा १० मिनिटांच्या व्हिडिओस सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागेल. साध्या पेन ड्राइव्हमध्ये ती सहज मावते. जागा वाचविण्यासाठी दर कमी करणे म्हणजे कणगीचे भाडे वाचविण्यासाठी धान्य फेकून देण्यासारखे आहे. डी. व्ही. डी.च्या प्रकारात फाइल काढू नये. तिच्या चौकटीत ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांहूनही कमी बिंदू मावतात.

काम चालू असताना संगणक जे चित्र दाखवितो ते पुष्कळदा घाईने केलेले, हलक्या दर्जाचे असते. त्यावरून निवाडा करू नये. आधी दोन-तीन चित्रांचा एक मिनिटाचा नमुना काढून तो मोठ्या पडद्यावर पाहावा आणि मगच सर्व व्हिडिओ काढावा. गावोगावी वाटावयाची प्रतही पेन ड्राइव्हने द्यावी. संदेशातून व्हिडिओ म्हणून पाठविला, तर तो पुन्हा दाबून लहान केला जातो.

बैठकीत दाखविताना

येथवर राखलेली सुस्पष्टता शेवटच्या क्षणी प्रोजेक्टरपाशी गमावू नये. प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ व सपाट ठेवावा. तो वाकडा ठेवून चित्राचा आकार बटणाने सरळ केला, तर यंत्र सर्व चित्र नव्याने मांडते व त्यात कडा मऊ पडतात. भिंगाची नजर अक्षरे दाखवून जुळवावी, कारण अक्षरांवरून चूक चटकन कळते. शाळेची खोली काळोखी करावी. उजेडात राखाडी व तपकिरी हा फरक प्रथम नाहीसा होतो. दूरदर्शन संचावर दाखवावयाचे असल्यास त्यातील कडा तीव्र करण्याची सोय कमी करावी व चित्र कापले जाणार नाही असा पर्याय निवडावा.

बैठक भरण्यापूर्वी एकाने शेवटच्या रांगेत बसून, ठिपक्याची टोके निमुळती की गोल, हे ओळखून पाहावे. त्यास ते सांगता आले, तर व्हिडिओ उत्तीर्ण झाला असे समजावे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. भिंग पुसा, जवळ जा, ठिपक्यावर बोट टेकवा, पान स्थिर धरा.
२. मूळ फाइल बियाण्यासारखी जपा. काम नकलेवर करा.
३. छायाचित्र संदेशातून पाठवावयाचे तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.
४. चित्र ताणू नका. कापा किंवा बाजूस पट्टी ठेवा.
५. एकदाच लहान करा, एकदाच जतन करा.
६. चौकट १९२० बाय १०८०, दर ८ मेगाबिट किंवा अधिक.
७. चित्र जितके स्थिर, तितके स्वच्छ.
८. शेवटच्या रांगेतून तपासून मगच दाखवा.

व्हिडिओत स्पष्ट दिसलेला रोगही शेवटी खाचरात उतरून पानावर पडताळून पाहावयाचा असतो, आणि औषध निवडण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी खात्याच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावयाचा असतो. परंतु आपल्या खाचरात नेमके काय पाहावयाचे, हे ज्या शेतकऱ्याने मे महिन्यातच पडद्यावर स्वच्छ पाहिले आहे, त्याची नजर श्रावणातल्या धुक्यातही पहिल्या ठिपक्यावर ठरेल. त्या पहिल्या ठिपक्यापाशी रोग ओळखला गेला, तर पुढचे खाचर वाचते. आणि छायाचित्रांसाठी घेतलेल्या या श्रमांचे तेच मोल होय.